शिळं फूल

गिरणीत आणलेल्या नव्या साच्यात, म्हणजे यंत्रात, वाईट काही असेल तर ते त्याचं शहाणपण. कांडी भरताना सूत तुटलं की तो आपला आपण थांबायचा. आजवर तेवढं बघायला आणि गाठ मारायलाच तर आमच्या सोलापूरच्या गिरणीनं आम्हा बायकांना रहाटापुढं बसवलं होतं. मुंबईचा एजंट तो साचा दाखवायला घेऊन आला होता. चालला तर आमचं अख्खं खातं बंद, असं मुकादम गुरप्पानं आधीच सांगून टाकलं होतं. माझा नवरा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. घरात चूल पेटायची ती माझ्या पगारावर.

तरी खंडेनवमीला आम्ही रहाटांबरोबर त्यालाही पुजलं. हत्यार ते हत्यार. मैंदर्गीची नागम्मा तर सगळ्यांच्या पुढं. पत्र्याच्या झाकणाला कुंकू लावून तिचं समाधान होईना. झाकण उचलून तिनं सूत तुटलं की हलून साचा थांबवणाऱ्या बारीक तारांखाली, पार आत झेंडू सारला.

"देवाच्या पायावर वाहायचं, बजाक्का. टोपीवर न्हाय."

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर हमालांनी आमचे रहाट उचलून आवारात टाकलेले. साचा मात्र चालेना. एजंटानं तेल घातलं, पाना फिरवला, घाम गाळला. साचा गिरकी घेई आणि थांबे. मॅनेजर वैतागला.

"संध्याकाळपर्यंत चालला नाही तर स्टेशनावर पोचवा. रहाट आत आणा."

मला ते फूल आठवलं. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

एजंट जेवायला गेला आणि नागम्मा साच्याकडं निघाली. मी तिचा हात धरला.

"कुटं चाललीस?"

"निर्माल्य काढायचं ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ दे. त्या फुलानंच अडलंय ते. काढलंस तर आपुन सगळ्या घरी बसू."

ती घाबरली. "गेल्या साली देव्हाऱ्यातलं फूल असंच शिळं ऱ्हायलं, अक्का. पुढच्याच महिन्यात थोरलं पोरगं गेलं. आता एकच हाय."

असल्या खुळ्या भीतीचा मला राग येतो, अजूनही येतो. पण गेलेल्या पोराचं नाव निघालं आणि माझी बोटं सैल पडली.

त्या दुपारी साचा सुरू झाला. सूत तुटलं तेव्हाच काय तो थांबला आणि एजंटानं टाळी वाजवली.

गुरप्पानं आम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. फाटकाशी रहाटांचा ढीग पडला होता, जळणासाठी काढलेला. सगळ्यांवर आमचे झेंडू तसेच, वाळलेले. नागम्मा पदर खोचून तिकडं धावली आणि एकेक फूल ओटीत घेऊ लागली. पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली.

"गिरणीच्या मालाला हात लावू नको."

"निर्माल्य हाय, दादा. ठेवू न्हाई तसं."

"तू हितली हायेस का आता?"

ती ओटी सावरत उभी राहिली. माझा रहाट ढिगाच्या तळाशी होता. त्याच्यावरचं फूल राहूनच गेलं, आणि मला नवऱ्याचा खोकला आठवला.