मी सीटचं माप घेतलं, माणसाचं नाही

नऊ वर्षं आमच्या घरातली सगळी दुरुस्ती एका गाडीमागे अडली होती. गाडी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, हिरवी, दोन सीटांची, कमरेएवढी उंच. माझ्या नवऱ्याने ती भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिला चाकं नव्हती आणि खालचा पत्रा गंजून त्यातून फरशी दिसत होती. "वर्षभराचं काम आहे," असं तो म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण तेव्हा मला अक्कल नव्हती.

त्यानंतर आमच्या भांडी घासायच्या सिंकमध्ये कार्बोरेटर धुतले गेले. माझ्या बटणांच्या डब्यांत नटबोल्ट गेले, आणि तेही असे अवलादी, की घरातल्या एका पान्याला बसतील तर शपथ. बाथरूमचा नळ चार वर्षं गळतोय. सांगायला गेलं की हा गाडीखालून फक्त पाय हलवायचा. मी त्या पायांशी बोलून बोलून हात टेकले.

मी स्वतः पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. धंदा माझा, शिलाई मशीन माझं, माल पोचवायची व्हॅनही मीच चालवते. त्यामुळे सीट शिवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. "फोम जाड घाल," नवरा म्हणाला, "गुडघा दुखतो." डावा गुडघा त्याचा पार कामातून गेलाय. सोमवारी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचे तीन-चार महिने क्लच दाबायचं नाव काढायचं नाही.

म्हणजे उरला रविवार. शनिवारी इंजिन सुरू झालं, खोकलं, थुंकलं, आणि चक्क चालू राहिलं. रविवारी सकाळी मी दोन्ही सीट बसवल्या. लाल रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग, आठ बोटं जाड फोम. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलीच्या लग्नातही एवढा नटला नव्हता.

त्याने पाय आत टाकला, बूड टेकवलं, आणि तिथेच थांबला. मांड्या स्टिअरिंगखाली जाईनात. पोट स्टिअरिंगवर येऊन बसलं. श्वास आत ओढून त्याने पुन्हा जोर लावला, तेव्हा तेवढा हॉर्न वाजला.

"हे काय?" तो म्हणाला. "मी तर कितीदा बसलोय यात!"

बसला होता, खरंय. पण सीट नसताना, नुसत्या पत्र्यावर, बुडाखाली एक उशी घेऊन. तेव्हा खाली भरपूर जागा होती.

"माप कुणी घेतलं?"

"मीच."

"कशाचं?"

"सीटच्या सांगाड्याचं. लांबी, रुंदी, पाठ. सोफा शिवताना गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप कोण घेतं हो?"

तो धडपडत बाहेर आला आणि रंगाच्या डब्यावर जाऊन बसला. मला वाटलं, आता चिडेल, माझ्या सात पिढ्या काढेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्याने नुसतं मांडीवरच्या हातांकडे बघितलं. नऊ वर्षांत त्याचा एवढा पडलेला चेहरा मी बघितला नव्हता, इंजिन दोनदा उलटं बसवलं तेव्हासुद्धा नाही.

मी मशीनपाशी जाऊन उसवणी आणि मोठी कात्री घेऊन आले. "सरका. सहा बोटं फोम काढते."

"नको." त्याने सीटवर पंजा ठेवला. "हात लावू नकोस. या आख्ख्या गाडीत एकच गोष्ट सरळ झालीय, तुझी शिवण. माझे दरवाजेसुद्धा एका रेषेत नाहीत."

घ्या! बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाला "बरंय" यापुढे या माणसाने मजल मारली नव्हती. आणि आता, हातात कात्री असताना, हे ऐकवायचं! माझे डोळे भरून आले आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

"तू चालव," तो म्हणाला. "तू मावशील. मी शेजारी बसतो."

मोह झाला नाही असं नाही. पण नऊ वर्षं त्या पत्र्यावर उशी टाकून तोंडाने इंजिनाचे आवाज काढत कोण बसलं होतं? मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. लहान मुलासारखा गिअर बदलायचा मेला.

"गप बसा," मी म्हटलं आणि पहिला टाका उसवला.

फोम निघाला, कव्हर ढगळ झालं, पायपिंगच्या सुरकुत्या पडल्या. मग मी त्याला खांद्यावर दाब देऊन आत कोंबला, भरलेल्या बॅगेचं झाकण दाबतात तसा. बसला! स्टिअरिंग आणि पोट यांच्यात एक बोट राहिलं. मी शेजारी बसले तर त्याच्यापेक्षा वीतभर उंच.

ठरलं होतं कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. टाकीत दोनच लिटर पेट्रोल होतं. गाडी गेटबाहेर पडली, आणि हा माणूस ओरडला. शब्द वगैरे नाही, नुसता ओरडला. शेजारचे गृहस्थ कुत्र्यासकट थांबले. क्लच दाबताना दर वेळी कळ येत होती, तोंड वाकडं होत होतं, आणि त्या वाकड्या तोंडाने तो हसत होता. मीही हसत होते, उगाच नाही कशाला म्हणू.

परत आलो. गेटपाशी त्याने इंजिन बंद केलं आणि उतरायला गेला. गुडघा वाकेना, पोट सुटेना. मी बाहेर येऊन काखेत हात घालून ओढलं. "एक, दोन, तीन" केलं. जागचा हलला नाही.

"अहो, जरा जोर लावा की तुम्हीपण!"

"लावत नाहीये मी," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"उतरलो की उद्या सकाळी हॉस्पिटल. मला भीती वाटतेय गं. आत्तापर्यंत हिचं काम बाकी होतं, म्हणून विचार करायला वेळ नव्हता."

मी त्याच्या काखेतून हात काढले. पलीकडे गेले, दार उघडलं, बसले, आणि दोनदा आपटून लावलं.

"पंपापर्यंत पोचेल का ही?"

"पोचेल."

"मग चला. टाकी फुल करू. कुणी विचारलंच तर सांगू, नवरा गाडीत अडकलाय, निघत नाही."