वासाचं काम

“वास घ्या हो, बरणीत फुंकर नका मारू,” मावशी म्हणाल्या.

कुलूपवाल्यांनी मान वर केली, रुमालाने नाक पुसलं आणि पुन्हा बरणीत घातलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात हे चाललं होतं. नुकतं उजाडलं होतं. मावशी दाराच्या आत, त्यांचे यजमान कुलूपवाले बाहेर पायरीवर, आणि मध्ये उंबरठ्यावर ओळीने मांडलेल्या बरण्या: मूग, मेथी, सूर्यफुलाच्या बिया, भोपळ्याच्या बिया, साल सुटलेले बदाम. प्रत्येकीच्या तोंडाला पातळ फडकं. फडकं सोडायचं, बरणी पुढे करायची, उत्तर ऐकायचं, फडकं बांधायचं.

“ही?”

“ओल्या मातीचा. आणि मागून थोडा काकडीचा.”

“आंबूस नाही ना?”

“छे.”

“नीट बघा.”

“बघू कशाने? नाक आहे हे, डोळा नाही.”

मावशींनी ती बरणी उजवीकडे सरकवली. उजवीकडची बरणी वर जाणार, डावीकडची टाकून द्यायची. डावीकडे आज काहीच नव्हतं.

हे आरोग्यधाम होतं. मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं इथे महिनाभर येऊन राहायची आणि कच्चं खायची. फळं, पाला, भिजवलेले दाणे, मोड आलेल्या बिया. स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस होतं, पण त्यात शेगडी नव्हती. नवीन कामाला लागलेली बाई पहिल्या दिवशी शेगडी शोधायची आणि दुसऱ्या दिवशी घरून जेवून यायची.

मावशी इथे लागल्या त्या बरण्या धुवायला. मग कुणी आजारी पडलं म्हणून भिजवायला उभ्या राहिल्या आणि तिथेच राहिल्या. संध्याकाळी बी पाण्यात घालायची, सकाळी पाणी ओतून धुवायची, बरणी उपडी करून निथळत ठेवायची, पुन्हा संध्याकाळी धुवायची. दोन-तीन दिवसांत बीला शेपूट फुटतं. यात कौशल्य ते कसलं, असं काकडीवाली दिवसातून एकदा तरी म्हणायची. ती सकाळपासून काकड्या चिरायची म्हणून काकडीवाली. दोन पोरांची आई, बोलायला तिखट. पाण्यात दाणे टाकायला अक्कल लागत असती, तर आमच्या सासूबाईंना ते जमलं नसतं, असं तिचं म्हणणं.

पण मोड बिघडले, तरी दिसायला अर्धा दिवस तसेच पांढरेशुभ्र राहतात. आधी वास बदलतो. आणि वरच्या मजल्यावरची पोटं नाजूक. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नियमच घालून दिला होता, की मावशींच्या नाकाखालून गेल्याशिवाय बरणी वर जाणार नाही. मावशी वास घ्यायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “जाऊ दे.” किंवा म्हणायच्या, “नको.” त्यावर डॉक्टरीणबाईसुद्धा बोलायच्या नाहीत. घरी मावशींचं हो की नाही विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मुलगा परदेशी, यजमान मुळातच अबोल. हो आणि नाही म्हणायची त्यांची जागा म्हणजे हे मागचं दार.

मग थंडीत एक साधीशी सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

आज येईल, उद्या येईल म्हणून मावशींनी वाट पाहिली. साबण हुंगला, कांदा हुंगला, एकदा घासलेटात बोट बुडवून हुंगलं. नाकाचा डॉक्टर गाठला, तो म्हणाला, येईल, कदाचित नाहीही येणार. हे आरोग्यधामात सांगायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर दुसरं कुणीतरी उभं राहणार. न सांगावं, तर एखादी बिघडलेली बरणी वर जाणार. दोन्ही विचारांनी त्यांची झोप उडाली, तेव्हा त्यांनी यजमानांना सांगितलं.

कुलूपवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. जन्मभर त्यांनी लोकांची कुलपं दुरुस्त केली होती आणि जन्मभर तपकीर ओढली होती. त्या संध्याकाळी ते उठले आणि तपकिरीची डबी बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशींनी न सांगता, त्यांच्याबरोबर निघाले.

तेव्हापासून हे रोजचं झालं. म्हातारा बायकोला कामावर पोचवायला येतो, पायरीवर बसतो, बरण्या उचलू लागतो. म्हातारपणी प्रेमाला मोड आलेत, असं काकडीवाली आल्यागेल्याला सांगायची. मावशी तिला हसू द्यायच्या. त्यांना खरं नवल वाटायचं ते यजमानांच्या बोलण्याचं. ओल्या मातीचा, कोवळ्या गवताचा, तुरट पण स्वच्छ. लग्नानंतर या माणसाने इतके शब्द एकदम कधी खर्च केले नव्हते. एकदा तर त्यांनी सूर्यफुलाची बरणी स्वतःहून डावीकडे सरकवली. “ही नको,” म्हणाले. मावशींनी बोटाने चाचपून पाहिलं, तळाशी जरा बुळबुळीत लागलं. त्या दिवसापासून त्यांचा यजमानांच्या नाकावर पूर्ण भरवसा बसला, आणि त्यांना पुन्हा झोप लागू लागली.

असे बरेच आठवडे गेले.

एका संध्याकाळी मावशींनी घरी बटाटे उकडायला ठेवले आणि शेजारचं मांजर शिरू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत त्या उसवलेली पिशवी शिवत बसल्या. समोर कुलूपवाले कुणाचं तरी जुनं कुलूप उघडून बसले होते. खिडकीतून वारा येत होता. दोघं अगदी निवांत.

दार धाडकन उघडलं आणि समोरच्या खोलीतली शिवणवाली नाकाला रुमाल लावून आत आली. “काकू, काय जळतंय? जिन्यापर्यंत वास गेलाय. आणि तुम्ही दोघं बसलाय काय असे?”

उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात घुसली. दार उघडताच धुराचा लोट बाहेर आला. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं मोरीत ठेवलं. बटाट्यांचा कोळसा झाला होता. दोघांनी नाकं गहाण ठेवलीत की काय, असं विचारून आणि स्वतःच हसून ती गेली. तिच्या मशीनवर कापड तसंच राहिलं होतं.

मावशींनी मोरीतल्या पातेल्याकडे पाहिलं. मग यजमानांकडे. ते कुलपातली एक बारीक स्प्रिंग बोटावर धरून तिच्याकडे बघत होते.

“तुम्हाला वास आला नाही,” मावशी म्हणाल्या.

“लक्ष नव्हतं.”

“जिन्यापर्यंत गेला होता.”

कुलूपवाल्यांनी स्प्रिंग जपून कागदावर ठेवली.

“कधीपासून?” मावशींनी विचारलं.

“तुझ्या आधीपासून. बरीच वर्षं झाली. तपकिरीनेच गेला असणार. मला कुठे लागत होता? कुलपाला काय वास.”

“मग तपकीर कशाला सोडलीत?”

“म्हटलं, सोडली तर येईल परत. तुझ्या कामापुरता तरी.”

मावशी खाली बसल्या. “आणि ते ओल्या मातीचं? कोवळ्या गवताचं? ते कुठून आणलंत?”

“तूच सांगायचीस की. इतकी वर्षं, रोज जेवताना. आज मुगाला कसा वास होता, मेथीला कसा होता. मी ऐकायचो ना.”

मावशींना आजवर वाटत आलं होतं, की जेवताना आपण भिंतीशी बोलतो.

त्यांचा राग क्षणभर कुठेतरी गेला, पण फार लांब गेला नाही. सूर्यफुलाची ती बरणी मग कशी नाकारलीत, असं त्यांनी विचारलं. यजमान म्हणाले, की फडकं सोडताना तुझा हात थांबला, कपाळाला आठी पडली. म्हटलं, हिला ही पसंत दिसत नाही. रोजच ते बरणीत नाक घालून डोळे वर करायचे आणि तिचं तोंड बघायचे. मग म्हणायचे, छे, किंवा चांगला आहे.

“म्हणजे माझ्या आठीवर वरची माणसं जेवली,” मावशी म्हणाल्या.

“कुणाला काही झालं नाही.”

“झालं नाही हे नशीब. कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई आहेत, त्यांना चार दाणे पचवायला दिवस जातो. त्यांना काही झालं असतं म्हणजे?”

कुलूप तसंच उघडं टाकून कुलूपवाले उठले आणि जळकं पातेलं घासायला बसले. मग पाठमोरेच म्हणाले, “उद्या मी येऊ नको का?”

“या,” मावशी म्हणाल्या. “पण बरणीला नाक लावू नका.”

सकाळी त्या मागच्या दाराने आत न जाता पुढच्या दाराने गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्या आजवर फार तर दोनदा बसल्या असतील. आज त्यांनी आपणहून खुर्ची ओढली आणि सर्दीपासून पातेल्यापर्यंत सगळं सांगितलं. यजमानांचं सांगताना जरा अडखळल्या, पण तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतके दिवस बरण्या कशावर पाठवल्यात ते विचारलं. मावशी म्हणाल्या, हातावर. हाताला थोडं कळतं. पण हाताला उशिरा कळतं.

“आजच्या बरण्या तयार आहेत?”

“आहेत.”

“चांगल्या असतील कदाचित.”

“असतील,” मावशी म्हणाल्या. “टाकते मी.”

मागच्या अंगणात सालं-देठं कुजवायचा खड्डा होता. बरण्या एकेक करून मावशींनीच रिकाम्या केल्या. कुलूपवाले बरणी आणून द्यायचे, रिकामी घेऊन जायचे. मुगाचे मोड बोटाच्या पेराएवढे झाले होते, पांढरे, टणक, टोकाशी किंचित हिरवे. काकड्यांच्या सालांवर त्यांचा ढीग झाला. चांगले होते की नव्हते, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. त्या दिवशी वरच्या माणसांना नुसती फळं मिळाली.

दुपारी डॉक्टरीणबाई खाली आल्या. भिजवणं, धुणं, निथळणं मावशींकडेच राहील, म्हणाल्या. वास दुसरं कुणी घेईल. कुणी घ्यावा ते मावशींनी सांगावं.

मावशींना हे अपेक्षित नव्हतं. आपल्या जागी कोण, ते आपणच सांगायचं. त्यांनी स्वयंपाकघरभर नजर फिरवली. पाला निवडणारी बाई चांगली होती, शांत होती, पाया पडावं इतकी सालस होती. पण तिच्या शेजारी उंदीर मेला तरी ती तसं बोलून दाखवणार नाही. काकडीवालीला मात्र सगळ्याच वासांचा त्रास व्हायचा. हिशेबनीस कपाटाआड चोरून थर्मासचं झाकण फिरवायचा आणि ही इकडे सुरी खाली ठेवून म्हणायची, आज आलं घातलंय वाटतं चहात.

“ती,” मावशी म्हणाल्या.

“मी?” काकडीवाली म्हणाली. “मला नको बाई. मी आपली काकड्यांत बरी.” पण त्या दिवशी तिची सुरी जरा हळू चालली.

नव्याने भिजवलेल्या बरण्या तयार व्हायला दोन-तीन दिवस गेले. त्या सकाळी मावशींनी त्या नेहमीसारख्या उंबरठ्यावर मांडल्या आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. हातांना काही काम नव्हतं म्हणून ते पुसत राहिल्या. काकडीवाली गुडघे दुमडून बसली. पहिल्या बरणीत तिने नाक घातलं ते बराच वेळ काढलंच नाही.

“येतोय,” ती म्हणाली.

“कशाचा?”

“मुगाचा.”

“मूग आहेत हे मलाही दिसतंय. कशासारखा येतोय?”

तिने पुन्हा हुंगलं. रोजची चटपटीत बाई, पण आज तिला शब्द सापडेना. तिने बरणीच मावशींच्या पुढे धरली. “तुम्हीच बघा ना एकदा. मला भीती वाटते.”

मावशी वाकल्या. बरणीच्या काठाचा गारवा ओठांना लागला. त्यांनी पूर्ण श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत. थंड हवा आत गेली आणि तशीच बाहेर आली. त्यांनी बरणी काकडीवालीच्या हातात परत दिली.

“मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “तू सांग. घाई नाही.”

काकडीवालीने डोळे मिटले. “आमच्या घरामागे एक नळ गळतो,” ती हळूहळू म्हणाली. “त्याच्याखाली दगड आहे. सकाळी त्या दगडाला येतो, तसा.”

“गोडसर, की आंबूस?”

“गोड. अगदी थोडासा.”

“मग काय म्हणायचं?”

काकडीवालीने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान वळवली आणि अंगणाकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

“जाऊ दे,” काकडीवाली म्हणाली, आणि बरणी स्वतःच्या हाताने उजवीकडे सरकवली.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. कुलूपवाल्यांनी दोन-तीन घास खाल्ले, पाणी प्यायले, पुन्हा एक घास घेतला. पातेलं जळालं त्या दिवसापासून ताटावर कुणी बरण्यांचं नाव काढलं नव्हतं. मावशींनी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि चमचा भांड्यात परत ठेवला.

“मुगाला आज गळक्या नळाखालच्या दगडाचा वास होता,” त्या म्हणाल्या.

कुलूपवाल्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी थोडा विचार केला.

“म्हणजे चांगला,” ते म्हणाले.

“चांगला,” मावशी म्हणाल्या, आणि मेथीचं सांगू लागल्या.