शिंगाखालची शिवण

नळदुर्गात हैदराबाद रस्त्यावर जलीलचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं. त्याची सुई सरळ आणि जीभ सुईहून सरळ. "हे कातडं सडलंय, म्या हात लावणार न्हाय," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला तो मागंपुढं पाहत नसे, आणि निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जात. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याच्या बायकोला, अन्वरीला, मात्र फार वाटे.

मुरुमचे कोंडीराम पाटील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते मात्र त्याच्याकडेच आले, सांबराचं मुंडकं पोत्यात गुंडाळून. निजामाच्या राजवटीत तात्यांनी हे सांबर तेलंगणाच्या जंगलात मारलं आणि जलीलच्या वडिलांनी, हैदरभाईंनी, ते भरलं, ही गोष्ट अख्ख्या मुरुमला पाठ होती. तात्या ती आल्यागेल्याला सांगत, आणि दर वर्षी सांबर हातभर वाढत असे.

आता तीस उन्हाळे खाऊन कातडं आकसलं होतं आणि शिंगांच्या बुडापासून बोटभर मागं सरलं होतं.

"आठ दिसांनी भूमचे व्याही येत्यात, नातीचा साखरपुडा हाय," तात्या म्हणाले. "महारुद्रराव पक्के शिकारी हायेत. तू वरनंच लिंप. उघडू नको."

"वरनं लिंपलं तर महिन्यात पुन्हा फाटंल, तात्या. मागची शिवण उसवून कातडं पुढं वढावं लागतंय."

तात्या घरी गेले नाहीत. दुकानातल्या बाकड्यावर बसून राहिले.

जलीलनं ओली फडकी गुंडाळून कातडं दुपारपर्यंत मऊ केलं आणि मागचे टाके उसवले. शिंगाच्या बुडाशी खरबरीत गोल काठ असतो. त्या काठाखाली कातडं घट्ट बसलं तर जनावर जिवंत वाटतं, फट राहिली तर उसनी टोपी घातल्यासारखं दिसतं. कातडं अडकवायला त्यानं काठाखाली एक बारीक खिळा ठोकला. हाडात तो वाकायला हवा होता. तो सरळ आत गेला.

त्यानं कातडं उचलून पाहिलं. आत कवटी नव्हतीच. बाभळीचा ठोकळा होता, आणि त्यात खुंट्या मारून शिंगं बसवली होती. शिंगांची बुडं गोल, फुगीर होती. सांबर दर वर्षी आपली शिंगं आपणच टाकतं, तेव्हा ती अशी निघतात. म्हणजे ही जंगलात पडलेली सापडली होती.

ठोकळ्यावरच्या दोऱ्याची दुहेरी गाठ त्यानं लगेच ओळखली. ती अब्बांची होती. जलीलला फार वाईट वाटलं, तात्यांपेक्षा अब्बांचं. खोटा टाका घालू नकोस, हे त्यांनीच तर त्याला शिकवलं होतं.

"बंदूक रोखली व्हती म्या," तात्या बाकड्यावरूनच म्हणाले. "सांबरानं मान वर करून बघितलं, आन् माझं बोट हललंच न्हाय. शिकारीला जातो म्हणून गावभर सांगून निघालो व्हतो. दुसऱ्या दिशी ही शिंगं गावली. हैदरभाई न्हाय न्हाय म्हणत व्हते. म्या पाय धरले, तवा त्यांनी कुठनं तरी मादीचं कातडं आणलं." मग हळूच म्हणाले, "व्याह्यांनी इचारलं तर तू काय सांगशील?"

"म्या खोटं बोलत न्हाय, तात्या."

तात्यांचा चेहरा उतरला. जलील मात्र कामाला लागला. सरलेल्या जागी त्यानं तागाचा भुगा आणि माती भरली, कातडं ताणून काठाखाली आणलं, मेणाच्या दोऱ्यानं आतून शिवलं, आणि वाळेपर्यंत सरकू नये म्हणून शिंगांच्या बुडाला सुतळीचे वेढे दिले. अब्बांचे जुने टाके जिथं शाबूत होते, तिथं त्यानं हात लावला नाही.

साखरपुड्याच्या दिवशी मुंडकं भिंतीवर टांगायला जलीललाच मुरुमला जावं लागलं. महारुद्रराव जेवणाआधीच मुंडक्यासमोर उभे राहिले. त्यांनी शिंगाच्या बुडाभोवती अंगठा फिरवला. फट सापडली नाही. कपाळ चाचपलं, मान चाचपली.

"पाटील, ह्याला गोळी कुठं लागली व्हती?"

तात्यांनी जलीलकडं पाहिलं. व्याहीही त्याच्याकडं वळले. "तुमी तर उघडून बघितलंय. तुमी सांगा."

नातीनं चहाचा ट्रे धरला होता, तो तसाच राहिला. जलीलनं भिंतीकडं पाहिलं.

"माझ्या अब्बांची शिवण हाय," तो म्हणाला. "तीस वर्सांनी उघडली, तर म्या सोता भोक हुडकू शकलो न्हाय."

महारुद्ररावांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "काम मोठं हाय, ह्यात शंका न्हाय," आणि चहाचा कप उचलला.

जेवणं झाल्यावर भूमची पोरं तात्यांभोवती बसली आणि शिकारीची गोष्ट सांगा म्हणाली. जलील चपला घालत होता. तात्यांनी त्याला हाक मारून शेजारी बसवलं.

"शिकारीची लई झाली," ते म्हणाले. "आज हैदरभाईंची सांगतो. त्यांनी एका भित्र्या माणसाची लाज कशी राखली, ती."