आत्याचा अंधारा संगणक

आत्याच्या संगणकावर मी तीनदा लिनक्स नव्याने टाकलं. मी असेपर्यंत स्क्रीन लख्ख, दुसऱ्या सकाळी सुरू केली की काळीठिक्कर! डोकं फिरायची वेळ आली. शेवटी काळ्या स्क्रीनवर टॉर्च मारून पाहिलं, तर आत सगळं नीट चालू होतं. फक्त ब्राइटनेस शून्यावर.

"हे कोणी केलं?"

"मीच. बंद करण्याआधी रोज उजेड उतरवते. खोलीतून उठताना दिवा नाही का मालवत आपण?"

आणि ते आज्ञाधारक गाढव सकाळी तेच शून्य घेऊन उठायचं! मी कपाळावर हात मारला आणि सुरू होताना उजेड पूर्णच राहील अशी सोय केली.

आज गेलो, तर बंद स्क्रीनवर जाड चादर.

"आता हे काय?"

"हळू बोल रे," आत्या कुजबुजली. "सगळा उजेड आतच राहतो आता. झोपणार कसा बिचारा?"