साफ केलेला आवाज

आमचे भाऊजी म्हणजे अकलेचे कांदे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. विद्यापीठात हातवाऱ्यांवरून यंत्राला बोलतं करायचं संशोधन करतात. डॉक्टर आहेत, पण गोळ्या देणारे नव्हेत.

ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, स्वरयंत्र कॅन्सरमुळे काढायचं ठरलं. तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादाचा आवाज मी जाऊ देणार नाही. आधी रेकॉर्ड करून ठेवू. मग तो यंत्राचा हातमोजा घालून बोटं हलवेल, आणि त्याच्याच आवाजात बोलेल." मला दुसरं काय हवं होतं? माणूस वाचावा आणि त्याचा आवाज घरात राहावा.

ऑपरेशनच्या आधी आम्ही रोज प्रयोगशाळेत जायचो. भिंतींना स्पंज लावलेली खोली, काचेपलीकडे भाऊजी आणि मी. हे कागदावरची वाक्यं वाचत. वाक्यं तरी कसली! 'उद्या हवामान कोरडे राहील.' दोन वाक्यं झाली की हे खोकत, हसत, मला म्हणत, "काय गं महाराणी, डुलक्या घेतेस? चहा तरी पाज!" चुकले की स्वतःलाच शिव्या घालत. मी मनात म्हणायचे, बोला, हवं तेवढं बोला, सगळं साठतंय.

जखम भरल्यावर भाऊजींनी मोजा आणला. ह्यांनी बोटं दुमडली आणि मोज्याला जोडलेल्या डबीतून आवाज आला, "महाराणी, चहा दे." आवाज ह्यांचाच होता, पण स्टेशनवर गाडी आल्याचं सांगावं तसा.

"भाऊजी, ह्यांचं हसणं कुठाय? ते खोकणं, ते 'अगं ए' कुठाय?"

"ते काढलं, वहिनी. आम्ही नेहमीच काढतो. हसू, खोकला, अडखळणं, मधली बडबड. तो कचरा राहिला तर यंत्र गोंधळतं. आवाज साफ करावा लागतो."

"मग तो कचरा द्या मला."

"पुसून टाकला."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. "अहो, तुम्ही गहू फेकून खडे ठेवलेत! एवढं शिकून हेच केलंत?" भाऊजी खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "माझा पण दादाच आहे हो तो," म्हणाले.

तेवढ्यात ह्यांची बोटं हलली. "छान झालंय रे. मला आवडलं. रडू नकोस."

ह्यांना थाप मारणं कधी जमलंच नाही. खोटं बोलताना शेवटचा शब्द घाईने गिळायचे आणि मी तिथेच पकडायचे. हा आवाज काही गिळत नाही. खरंच आवडलं की भावासाठी म्हणाले, मला कळेना. तोंडाकडे बघावं, तर हे वाकून भावाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

आता मोजा रोज हातात असतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलंय, माझा जीव टांगणीला लागलाय. आज सकाळी जेवताना हे मधेच थांबले.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

"नाही, अजिबात दुखत नाही." स्वच्छ, स्पष्ट, एका सुरात.

खरं सांगा, असं मी म्हणणार होते. पण उत्तर त्याच आवाजात आलं असतं.