आखूड पायाचं हरीण

कात्र्यांवर मारायच्या पोलादी ठशाच्या टोकावर ते हरीण होतं, नखाएवढं, आणि त्याचा मागचा एक पाय अजून आखूडच होता... जणू एवढ्या वर्षांत तो वाढायला हवा होता. त्याने अंगठ्याने तो पाय चाचपला. बाहेरच्या खोलीत लेक कपाट उपसत होती – खण ओढल्याचा आवाज, फायली जमिनीवर टाकल्याचा, मग मध्येच शांतता, म्हणजे काहीतरी वाचतेय, मग पुन्हा खण. त्या शांततेत त्याचा जीव टांगणीला लागत होता. सापडण्यासारखं तिथे काहीच नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि हेच फक्त तिला ठाऊक नव्हतं.

नोटीस सोमवारी आली होती. हरणाचा ट्रेडमार्क आमच्या अशिलाच्या नावे सहा वर्षांपूर्वी नोंदलेला आहे, आपण त्याची नक्कल करून कात्र्या विकता, तरी शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठसा नष्ट करून तसं लेखी कळवावं. आज शुक्रवार. अशील म्हणजे तो गोडबोल्या, घाऊक व्यापारी. अकरा वर्षं याच स्टुलावर बसून चहा पीत होता, 'तुमच्या हाताला तोड नाही' म्हणत खोकी भरून नेत होता. आता स्वतःच्या कारखान्यात कात्र्या पाडतो. केसाने गळा कापला, असं लेक म्हणाली. चोर तो चोर वर शिरजोर, असं शेजारचा शिंपी म्हणाला. तो नोटीसच पुन्हा वाचत बसला. नोटिशीला जोडलेल्या प्रमाणपत्रात चिन्हाचं वर्णन होतं – 'धावणारे हरीण, मागील एक पाय आखूड' – आणि ते वाचून राग यायचा तर त्याला हसू आलं. पठ्ठ्याने चूकसुद्धा सोडली नव्हती.

ती चूक... तेवीस वर्षांचा होता तो तेव्हा. याच बाकावर, याच खिडकीच्या उजेडात पोलादात हरीण उतरवत होता, तीन पाय झाले होते, चौथा अर्ध्यावर आला होता, आणि दारातून कोणीतरी म्हणालं, वडील गेले. मोठ्याने नाही, साधंच, जेवायला बोलवावं तसं. त्याला नीट कळायच्या आधी हाताला कळलं. हात थरथरला, छिन्नी घसरली आणि पाय तिथेच संपला. दुसरा ठसा कोरता आला असता. पण याचे तीन पाय सकाळी वडिलांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले होते, आणि नव्यातलं त्यांनी काहीच पाहिलं नसतं. म्हणून हाच ठेवला. पुढे शिंपी दुकानात जाऊन 'लंगडं हरीण द्या' म्हणायला लागले, दुसरी कात्री हातात धरीनात... सगळं दुकान त्या आखूड पायावर उभं राहिलं.

वकिलांनी फोनवर सांगितलं होतं, जुन्या बिलांच्या जोरावर भांडता येईल, पण वर्षं जातील. त्या माणसाच्या आधी तुम्ही नोंदणीचा अर्ज केला असेल तर मात्र बाजू भक्कम. लेकीचा चेहरा एकदम उजळला. केलाय की, आठ वर्षांपूर्वी, मीच भरला आणि बाबांनी पाठवला, असं ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने मान हलवली. नुसती मान.

आठ वर्षांपूर्वी ती सुट्टीला आली होती. तीन दिवस बसून तिने अर्ज भरला. तो चेष्टा करत होता, हातच्या कांकणाला आरसा कशाला, सगळ्या शिंप्यांना माहीत आहे हरीण कोणाचं. ती म्हणाली होती, "सगळ्यांना माहीत असून चालत नाही, बाबा. कागदाला माहीत पाहिजे." मग त्याने सही केली, पाठवतो म्हणाला, आणि ती गेल्यावर अर्ज बाकावर पडून राहिला. वर्णनाच्या चौकटीत तिचं सुबक अक्षर – मागील एक पाय आखूड. ते कोणा कारकुनाने वाचावं हे त्याला नको वाटलं... छे, हे कारण आत्ता जुळवलेलं. खरं म्हणजे कंटाळा होता, आणि माज होता. एका सकाळी कात्रीच्या पात्यांचा नवीन जोड तयार झाला, आणि धार बघायला हाताशी येईल तो कागद कापायची इथली रीतच. अर्जाचा कागद चांगला होता, कडक. पातं टाचेपासून टोकापर्यंत आवाज न करता गेलं. तो खूश झाला होता. पट्ट्या पाडल्या, एकसारख्या, आणि संध्याकाळी केरात लोटल्या. पाठवलात का, तिने फोनवर विचारलं. हो. वर्षाने विचारलं, काही आलं का? सरकारी काम, लागतो वेळ. नंतर तिने विचारलं नाही, कारण तिचा विश्वास होता.

बाकाच्या कडेला कानस होती. दहा वेळा घासली तर हरीण जाईल, लेखी देऊन टाकायचं, मग अर्जाचा प्रश्नच उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांनी पाहिलेले ते तीन पाय द्यायला तो तयार आहे, एवढ्याचसाठी... हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली, पण कानशीवरची नजर हटली नाही.

खण वाजायचे थांबले. लेक दारात आली, हात धुळीने भरलेले, केसांत जळमट.

"पोचपावती नाही सापडत," ती म्हणाली. "असू दे. वकील म्हणाले, मी भरला आणि तुम्ही पाठवलात असं शपथेवर लिहून देता येईल. मी देते. उद्या कोर्टात उभं केलं तरी सांगेन." मग कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत, गॅस बंद केला ना विचारावं तसं तिने विचारलं, "पाठवला होतात ना, बाबा?"

त्याने हाताकडे पाहिलं. दोन बोटांत ठसा होता. हात थरथरेल, तिला दिसेल, ती जवळ येईल आणि मग सांगावंच लागेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. हात थरथरला नाही. कोरताना लागतो तसा, अगदी तसा स्थिर होता. आत्ता हरीण कोरायला घेतलं तर चारही पाय सारखे येतील, असं त्याला वाटून गेलं, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला या हाताची भीती वाटली.