दिसू लागलेले सूर

चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको व्हायोलिन शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, आणि ऐकून ऐकून चष्मेवालेही तिला बाईच म्हणू लागले होते. पुढे ते भिंगं घासत बसायचे, मागे ती मुलांच्या चुका घासून काढायची. एखादं गिऱ्हाईक म्हणे, "तुमच्याकडे डोळे तपासायला आलं की गाणं फुकट!" त्यावर चष्मेवाले म्हणत, "फुकट कुठलं? चष्म्यातच धरलंय ते."

मग बाईंना मेंदूज्वर झाला. त्या वाचल्या, पण दोन्ही कान गेले. आतली नसच मेल्यामुळे यंत्राचाही उपयोग नव्हता. भेटायला आलेला एक शेजारी म्हणाला, "चला, जीवावरचं कानांवर निभावलं." चष्मेवाले त्या माणसाशी पुन्हा धड बोलले नाहीत.

शिकणारी मुलं एकेक करून पांगली. बाई ओठ वाचायला शिकल्या. बोलायच्या पूर्वीसारख्याच, फक्त आवाज कधी एकदम चढायचा, कधी पुटपुटल्यासारखा व्हायचा. दुकानात येऊन फ्रेमा पुसायच्या. सकाळी मात्र मागच्या खोलीत खिडकीपाशी डोळे मिटून बराच वेळ बसून राहायच्या. चष्मेवाल्यांना वाटायचं, कुढत बसलीय. दारातून ते पाहायचे आणि आल्या पावली परत फिरायचे.

दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या मुलीनं एकदा फोनवर सांगितलं, "बाबा, एक सॉफ्टवेअर आहे. त्यात गाणं घातलं की गाण्याबरोबर पडद्यावर वर्तुळं, ठिपके हलतात. आईला ऐकू येत नाही, दिसतं तर!"

"मला बिलं करण्यापलीकडे त्या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही गं."

"शिकाल हो. भिंगं घासणारा माणूस वर्तुळांना काय घाबरतो!"

घरात बाईंच्या वादनाचं एकच रेकॉर्डिंग होतं. मुलांच्या कार्यक्रमात शेवटी त्या स्वतः वाजवायला बसल्या होत्या, तेव्हा कुणाच्या तरी वडिलांनी केलेलं. चष्मेवाल्यांनी ते सॉफ्टवेअरमध्ये घातलं, पडद्यावर एक वर्तुळ आणलं आणि आवाजाला जोडलं. बाईंच्या सुरांना वर्तुळ ढिम्म हललं नाही. मध्येच प्रेक्षकांत कुणी खोकलं, तेव्हा टुणकन उडालं. टाळ्यांना तर थयथयाट केला. चष्मेवाले एकटेच खो खो हसले आणि मग डोकं धरून बसले.

"आवाजाचे भाग पाडा, बाबा," मुलगी म्हणाली. "खालचे सूर वेगळे, मधले वेगळे, वरचे वेगळे. एकेक भाग एकेका आकाराला जोडा. आणि किती आवाज झाला की हलायचं, तेही ठरवून द्या."

ते शिकले. पंख्याची घरघर खालच्या भागात होती, ती गाळून टाकली. मधल्या सुरांना वर्तुळ दिलं, वरच्यांना बारीक ठिपके. तरी काहीतरी खटकत होतं. सूर संपला की वर्तुळ धपकन बसायचं. बाईंचा सूर असा कधी संपत नसे. गज उचलला तरी थोडा वेळ खोलीत रेंगाळायचा, हे त्यांना भिंतीपलीकडूनही कळायचं. आकार किती सावकाश खाली यावा याची एक खुंटी त्यांना सापडली. ती थोडी फिरवली आणि वर्तुळ श्वास सोडल्यासारखं अलगद मिटलं. रंग त्यांनी निळा ठेवला. डोळ्यांना त्रास नको.

दुपारी दुकान बंद करून त्यांनी बाईंना पडद्यासमोर बसवलं. सुरुवातीला त्या नुसत्या बघत होत्या. मग पुढे झुकल्या.

"हे माझं आहे! त्या कार्यक्रमातलं! थांबा, आता मी वर जाते." आवाज इतका चढला की समोरचा न्हावी दारात आला. पडद्यावर ठिपके उसळून वर गेले. बाईंच्या मांडीवर डाव्या हाताची बोटं हलू लागली, नेमकी, तारेवर हलावीत तशी. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा पुसला.

त्यानंतर बाई रोज मागायच्या. चष्मेवाल्यांच्याही अंगात आलं. कधी वर्तुळाच्या लाटा, कधी ठिपक्यांच्या माळा. गिऱ्हाईकं खोळंबायची. बाई जेवणं झाली की पडद्यासमोर, संध्याकाळी पुन्हा पडद्यासमोर.

एका सकाळी चष्मेवाले मागच्या खोलीत गेले, तर बाई खिडकीपाशी रडत होत्या. कधी नव्हे ते चष्मेवाले मागे फिरले नाहीत. समोर जाऊन बसले, ओठ दिसतील असे.

"काय झालं?"

"मला ऐकू येईनासं झालंय."

त्यांना वाटलं, ज्वरानं पुन्हा डोकं वर काढलं. "अगं, ते तर केव्हापासून..."

"ते नाही हो. आतलं." बाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "कान गेले तरी आत सगळं वाजत होतं. रोज सकाळी इथे बसून मी मनात वाजवायचे. अगदी स्वच्छ. कधीकधी तर पूर्वीपेक्षा चांगलं. आता कार्यक्रमातला तो तुकडा आठवायला गेले की तुमचं निळं वर्तुळ येतं. ते वर जातं, खाली येतं. पण मुकं. सूरच नाही त्यात. दुसरं काही वाजवायला गेले तरी तेच मधे येतं."

चष्मेवाले म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"कसं बोलू? तुम्ही इतकं जीव तोडून शिकलात. आणि मलाही आवडत होतं. खरंच आवडत होतं." त्यांनी डोळे पुसले. "हावरटासारखी बघत राहिले."

"मी सगळं पुसून टाकतो. आत्ता."

"तिथलं पुसाल." बाईंनी कपाळावर बोट टेकवलं. "इथलं?"

तरीही त्यांनी पुसलं. वर्तुळं, लाटा, माळा, सगळं. रेकॉर्डिंग तेवढं ठेवलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला, "आई खूश आहे ना?" आणि ते "हो" म्हणाले. यापेक्षा जास्त बोलले असते तर पोर तिकडे एकटी रडत बसली असती.

दिवस गेले. बाकीच्या काही चिजा बाईंना परत मिळाल्या, अर्ध्यामुर्ध्या. तो तुकडा मात्र आला नाही. एका दुपारी त्या दुकानात आल्या आणि स्टूल ओढून चष्मेवाल्यांसमोर बसल्या.

"तुम्ही ऐका तो," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगा, कसा आहे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसला होतात ना? जे कळेल ते सांगा."

चष्मेवाल्यांनी कानांना हेडफोन लावले. खोकला, पंख्याची घरघर, आणि मग ती. त्यांनी कानांत प्राण आणले.

"हळू सुरू होतं," ते म्हणाले. "खालून."

"कुठल्या तारेवर?"

"ते नाही सांगता येत. जाड आहे. जरा दमल्यासारखं. मग थांबतं. मग... एकदम नाही, पण उजळत जातं."

बाई त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हत्या. वरचे सूर सुरू झाले. चष्मेवाल्यांनी शब्द शोधला, दुसरा शोधला. एकही त्याच्या जवळपास जाईना. त्यांचे डोळे भरून आले आणि ओठ थरथरायला लागले, त्यामुळे बाईंना ते वाचता येईनात.

"पुढे?" बाई म्हणाल्या. "पुढे काय होतं?"